जनरल चिकन कुकरात कैद केल्याची हकीकत

आबासाहेबांच्या वडील भगिनी, दुसऱ्या शहरी राहून या घरावर फोनद्वारे देखरेख ठेवणाऱ्या आत्यासाहेब, यांची आज्ञा जाहली की, तुमच्या घरी तीन माणसांस विचारावे तो तीन तऱ्हा ऐकू येतात, चिरंजीव म्हणतात सर्व क्षेम, सूनबाई म्हणतात चिंता नको, आणि वहिनी तर बोलता बोलता फोन ठेवून देतात, तरी एका कोंबडीवरून घरात काय रणकंदन माजले ते पहिल्यापासून, पदरचे काही न घालता, लिहून कळवावे. ती आज्ञा प्रमाण मानून हे लिहिणे आरंभिले आहे. लिहिणाराने कोणाची भीड धरिली नाही. चिरंजीवांनी जेथे माती खाल्ली तेथे माती खाल्ली असेच लिहिले आहे, मागाहून रुसून उपयोग नाही.

तरी प्रथम आबासाहेबांचे वर्तमान. आबासाहेब म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यातील बॉयलरचे खासे अंमलदार. आग आणि पाणी दोन्ही त्यांच्या हुकमात, आणि त्यांच्या पाळीत सेफ्टी वाल्व कधी म्हणून उडाला नाही, याचा त्यांस मोठा अभिमान. वाफ किंचाळत बाहेर पडली म्हणजे आच देणारास अक्कल नाही, असा त्यांचा निवाडा होता, आणि मग तोच कायदा त्यांनी घरच्या कुकरासही लागू केला. जगात घरोघर कुकर शिट्ट्या मारितो, या घरी कुकराने शिट्टी मारावयाची नाही. वजन डुलू लागून सूं सूं सुरू जाहले की जो कोणी जवळ असेल त्याने आच उतरवावी आणि पुढील शिजणे त्या सूं सूं आवाजावरच करावे, हा या घरचा दस्तूर. आईसाहेब लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या सवयीने त्यांनी एक शिट्टी होऊ दिली होती, आणि आबासाहेबांची स्वारी अंगावरील साबणानिशी न्हाणीघरातून स्वयंपाकघरावर चालून आली होती. ती मोहीम वेगळी, तिचा तपशील आत्यासाहेबांस ठाऊक आहेच.

आणि आबासाहेबांचा राग काय वर्णावा. मीठ कमी पडले तर रागावत, मीठ बरोबर पडले तर रोज असेच का पडत नाही म्हणून रागावत. टॉवेलाची घडी उलटी, नळ ठिबकतो, चिरंजीव लोकांच्या घरी जाऊन फर्निचर जोडून देतात आणि उरलेले स्क्रू आपल्या घरच्या सोफ्यात सांडतात, या सर्व मामल्यांत दररोज फर्माने सुटत. घरची माणसे त्या रागास इतकी सरावली की जेवताना कोणी नावे ठेविली नाहीत तर आईसाहेबांस वाटावे, आज काही वाढावयाचे राहिले.

मग एके दिवशी आबासाहेबांच्या छातीत कळ आली, आणि त्यांस इस्पितळात नेले, आणि मनगटातून नळी घालून हृदयाचा रस्ता मोकळा केला, आणि ईश्वरकृपेने जीव वाचला. मग हृदयाचे डॉक्टर यांचे फर्मान जाहले की तळलेले वर्ज्य, मीठ बेताचे, साखर नावाला, बाहेरचे खाणे बंद, थोडे थोडे चालत जावे, आणि राग म्हणून करू नये. या फर्मानाचा पहिला घाव पडला तो जनरल चिकन यांजवर.

हा जनरल चिकन कोण, ते सांगितले पाहिजे. कोपऱ्यावर चिनी खाण्याचे एक दुकान आहे, आणि त्याच्या फळ्यावर हे नाव मोठ्या अक्षरांत आहे. हा जनरल कोणत्या फौजेचा, कोणत्या लढाईत गाजला, हे दुकानदारासही ठाऊक नाही. दोनदा तेलातून निघालेला, साखरेच्या पाकात लोळलेला, सॉसच्या खारटपणाने पुरता माखलेला, अंगाने लालभडक, असा हा सरदार दर शनिवारी संध्याकाळी डब्यात बसून या घरी येई, आणि सर्व मंडळी टेबलाभोवती त्याचा समाचार घेत. आबासाहेब त्यासही नावे ठेवीत, मात्र डब्याच्या कोपऱ्यात राहिलेला रस्सा बोटाने पुसून घेत, आणि तो दुसऱ्या कोणास मिळत नसे.

इस्पितळातून आल्यावर शनिवार बंद जाहला, आणि त्याहून वाईट हे की आबासाहेब गोड बोलू लागले. दिवसभर गॅलरीतील खुर्चीत बसावे, हाक मारली तर हो म्हणावे, उकडलेला भोपळा पुढे ठेविला तरी दोन घास घ्यावे आणि म्हणावे की छान झालंय, पुरे. टॉवेलाची घडी उलटी होती, काही बोलले नाहीत. नळ ठिबकत होता, काही बोलले नाहीत. सूनबाईंनी मुद्दाम बेचव सूप करून पाहिले, त्यासही छान म्हणाले. घरात ऐसी धास्ती पसरली की चिरंजीवांनी स्क्रूंचा डबा जमिनीवर उपडा करून ठेविला की निदान यावर तरी काही बोलतील, तर आबासाहेब त्यास वळसा घालून गेले.

आईसाहेब कपडे अल्टर करून देण्याचे दुकान चालवितात. आबासाहेबांच्या पँटी त्यांनी कमरेत आत घेतल्या, आणि मग आणखी आत घेतल्या, आणि मग पुनः एकदा तीच पँट मशीनवर धरिली तेव्हा पाहिले की आता दोन्ही मागचे खिसे एकमेकांस भिडतात. हा मनुष्य असाच दोन घासांवर राहिला तर उरणार किती, हा विचार मनात येऊन त्यांचा पाय पायडलावर तसाच राहिला, आणि गिऱ्हाईक समोर उभे होते त्यास उद्या ये म्हणून सांगितले. मग दुकान लवकर बंद करून घरी आल्या आणि हुकूम काढिला की जनरल चिकन घरी आणावयाचा. मात्र तेलातून नव्हे, कुकरातून. आबासाहेब ताट पुसून खातील तोवर ही मोहीम थांबणे नाही.

मग स्वयंपाकघरात मसलत बसली. सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात, त्यामुळे बारीक अक्षर वाचणे आणि चुका काढणे या दोन्ही कामांत मातबर. त्यांनी फोनवर एका बाईचा व्हिडिओ हुडकून काढिला होता. कोंबडीच्या मांडीचे तुकडे, कातडी काढून. चमचाभर तेलात परतावयाचे. आले, लसूण, लाल मिरची, थोडे व्हिनेगर, कमी मिठाचा सोया सॉस, साखरेच्या जागी किंचित मध, आणि पाणी. मग झाकण लावून दोन शिट्ट्या. मग झाकण काढून थंड पाण्यात कालविलेले कॉर्नफ्लॉवर घालावयाचे, म्हणजे रस्सा दाट होऊन चकाकतो. दोन शिट्ट्या हे शब्द उच्चारिले गेले तेव्हा सर्वांनी गॅलरीकडे पाहिले, आणि मग पुढे वाचिले.

तत्पूर्वी शत्रूच्या गोटातील बातमी काढावी म्हणून चिरंजीवांस कोपऱ्यावरील दुकानी रवाना केले की, सॉस कोणता आधी पडतो आणि कोणता मागाहून, ते पाहून येणे. चिरंजीव गेले ते बराच वेळ आलेच नाहीत, आणि आले ते सांगू लागले की धूर फार होता, काही दिसले नाही. तो सूनबाईंची नजर त्यांच्या कॉलरवर गेली. तेथे तांबडा डाग. चौकशी होता कबुली दिली की, नुसते उभे राहिलो असतो तर त्यांस संशय आला असता, म्हणून एक प्लेट मागविली. ती पुरती संपविली काय, या प्रश्नावर चिरंजीव कॉलर चोळू लागले. मग आईसाहेबांनी हेरगिरीचा अधिकार काढून घेऊन चिरंजीवांस लसूण सोलण्याच्या आणि कोंबडी कापण्याच्या कामी नेमिले.

पहिल्या स्वारीचा वृत्तांत लिहिताना लेखणी जड होते. सूनबाईंनी सर्व जिन्नस कुकरात भरिले, झाकण लाविले, आच मोठी केली, आणि दोन शिट्ट्या जाहल्या की बंद करू म्हणून आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करावयास गेल्या. कान शिट्टीकडे लाविले होते. इकडे आईसाहेब पाणी पिण्यास आल्या, तो वजन डुलू लागून सूं सूं सुरू जाहले, आणि जो हात इतकी वर्षे तो आवाज ऐकून आच उतरवीत आला तो याही वेळी आपोआप गेला आणि आच उतरवून आला. आईसाहेब पाणी पिऊन बाहेर गेल्या. त्यांस आपण काही केले हेही उमगले नाही. मग चिरंजीव आले, आच मंद पाहिली, सर्व दस्तुराप्रमाणे चालले आहे असे समजून तेही गेले. आणि मग सारी फौज रणशिंगाची वाट पाहत आपापल्या जागी बसली, आणि रणशिंग वाजणार कोठून.

शेवटी वाजले नाही पण वास आला. धावत जाऊन झाकण काढिले तो पाणी आटून गेलेले, मध तळास लागून कोळसा जाहला, आणि कोंबडीचे दोरे. सूनबाई म्हणाल्या शिट्टी जाहलीच नाही. आईसाहेब म्हणाल्या या घरी होतच नाही. चिरंजीव म्हणाले मला वाटले तुम्हांस ठाऊक आहे. सर्वांनी आपापले काम चोख केले आणि कोंबडी जळाली, त्यामुळे दोष कोणास द्यावा हे ठरेना.

वरवरचे तुकडे काढून आबासाहेबांपुढे ठेविले. चिरंजीवांनी आपला घास गुपचूप कागदात काढून खिशात घातला. आबासाहेबांनी जळका घास चावला, गिळला, आणखी एक घेतला, आणि म्हणाले की छान झालंय, पुरे. ते ऐकून आईसाहेबांनी ताट उचलून मोरीवर नेले. ओरडले असते, ताट सारले असते, तर त्यांनी आनंदाने सोसले असते.

दुसऱ्या स्वारीस सूनबाईंनी बंदोबस्त कडक ठेविला. आईसाहेबांनी कुकराजवळ येऊ नये, आलेच तर हात मागे बांधून यावे, ऐसा हुकूम सुनेने सासूस केला आणि सासूने तो मानिला, यावरून प्रसंग किती बिकट होता हे समजावे. यावेळी शिट्टी होऊ द्यावयाची असे ठरले, आणि त्यात एक छुपा डावही होता. कोंबडी तर शिजेलच, पण शिट्टी ऐकून आबासाहेब चवताळून उठतील, ही आशा प्रत्येकाच्या मनी होती आणि कोणी बोलून दाखविली नाही.

मग कुकराने शिट्टी मारिली. फळीवरील पेले थरारले. समोरच्या बिऱ्हाडाचे दार उघडले आणि शेजारीणबाई पाहून गेल्या की या घरी काय अनर्थ जाहला. सर्वांनी गॅलरीकडे पाहिले. आबासाहेबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळला, आणि तेवढेच. मान वळली नाही. मग दुसरी शिट्टी जाहली. तेव्हाही उठले नाहीत.

यावेळचा जनरल मात्र खरोखर उतरला होता. तुकडे मऊ, रस्सा दाट, चकाकी अशी की चिरंजीवांनी पळीच चाटली. आबासाहेबांनी दोन घास खाल्ले, कदाचित तीनही असतील, आणि म्हणाले छान आहे हो, पुरे. मग सूनबाई न्हाणीघरात गेल्या आणि नळ मोठा सोडून आत रडल्या, आणि नळाच्या आवाजाने कोणास ऐकू गेले नाही असे त्या समजतात. बाहेर आल्या तो चिरंजीव म्हणतात की दुकानातूनच एक डबा आणून देऊ, निदान पोटभर खातील. यावर नवराबायकोंत जे भांडण जाहले ते लिहीत नाही. आईसाहेब कुकर घासत बसल्या, आणि घासून झाल्यावरही घासतच होत्या.

मग पुढला शनिवार आला. चिरंजीवांनी कोंबडी कापून ठेविली, आणि आईसाहेबांनी आले, लसूण, बाटल्या, वाट्या, सर्व सरंजाम ओट्यावर मांडिला, कुकर शेगडीवर चढविला, आणि आच न लाविता तशाच गॅलरीत गेल्या. सूनबाई मागोमाग गेल्या. पुढील बोलणे जसे जाहले तसे लिहितो.

आईसाहेब म्हणाल्या, "कुकर लावायचाय. मला नाही जमत. तुम्ही या."

सूनबाई म्हणाल्या, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना त्यांना..."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. खुर्चीत पुरून ठेवायला नाही सांगितलं."

आबासाहेब हसले आणि म्हणाले, "तूच कर गं. तू करतेस ते छानच होतं."

"तुमचं हे छान म्हणणंच मला नकोय. इतक्या वर्षांत कधी म्हणाला होतात? जळकं खाल्लंत, तेही छान. जरा चिडा की माझ्यावर."

आबासाहेबांनी नजर रस्त्याकडे वळविली. मग म्हणाले, "चिडायची भीती वाटते. बॉयलरला बाहेर काटा असतो, किती दाब चढलाय ते दिसतं. इथे आत काय चाललंय ते दिसत नाही मला. त्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा उठणार होतो. हात लावला खुर्चीला. मग म्हटलं, उठलो आणि काही झालं तर तुमच्यासमोरच होईल."

सूनबाईंनी तोंड फिरविले. आईसाहेबांनी मात्र फिरविले नाही. आल्याने माखलेला हात तसाच पुढे केला आणि म्हणाल्या, "मग भीत भीत या. मी उभी आहे ना शेजारी."

यावर आबासाहेबांची स्वारी उठली. गॅलरीचा उंबरा ओलांडून दिवाणखान्यात आली, तेथे सोफ्यास धरून घटकाभर मुक्काम केला, आईसाहेब उजव्या अंगास, सूनबाई पिछाडीस, आणि चिरंजीवांनी पुढे धावत वाटेतले स्क्रू उचलून मार्ग साफ केला. मग मजल दरमजल करीत स्वारी स्वयंपाकघरात दाखल जाहली. ओट्यास टेकून आबासाहेबांनी प्रथम स्वतःच्या छातीवर हात ठेविला. मग काही होत नाही ऐसे पाहून तो हात कुकरावर ठेविला.

मग हुकूम सुटू लागले, प्रथम हळू आवाजात. झाकण आणा म्हणाले. रबर काढून बोटांवर ताणून पाहिले आणि विचारिले की हे कधीपासून असे सैल आहे. चिरंजीवांनी खणातून नवे रबर काढून पुढे केले. वजन फुंकून पाहिले, त्याच्या छिद्रात काही अडकले होते, तर आईसाहेबांनी दुकानच्या सवयीने गळ्यापाशी टोचून ठेविलेली सुई मागून घेऊन ते मोकळे केले. तळाशी राहिलेला काळा डाग नखाने खरवडून पाहिला आणि तिघांकडे पाळीपाळीने पाहिले. मग नवे रबर चढविले, कोंबडी परतविली, सर्व जिन्नस घातले, पाणी स्वतः मोजले, झाकण फिरविले आणि आच दिली. वजन डुलू लागले, सूं सूं सुरू जाहले, आणि आबासाहेबांनी आच उतरविली ती अशी की आवाज ना चढला ना पडला. सर्व मंडळी उभीच. आबासाहेबांस खुर्ची दिली, बसले नाहीत.

आच बंद केल्यावर सूनबाईंनी घाई करून चमच्याने वजन उचलावयास हात पुढे केला, तो आबासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. नुसते पाहिले. पण त्या पाहण्यात पूर्वीचे काहीतरी होते, आणि सूनबाईंनी चमचा खाली ठेविला तो भीतीने नव्हे तर आनंदाने, हे लिहिणारास पक्के ठाऊक आहे. वाफ आपोआप निवाली. झाकण निघाले. कॉर्नफ्लॉवर पडले, रस्सा दाटला, आणि जनरल चिकन, जो मूळचा तेलाच्या बिछान्यात लोळणारा, तो वाफेच्या कैदेतून निमूट बाहेर आला आणि ताटांत वाटला गेला.

मग सर्व टेबलाभोवती बसले. आबासाहेबांनी एक घास घेतला. मग दुसरा घेतला. दुसऱ्या घासानंतर काय होते हे सर्वांस ठाऊक होते, म्हणून कोणी जेवत नव्हते, कोणी एकमेकांकडे पाहत नव्हते, आणि आईसाहेबांनी टेबलाची कड धरून ठेविली होती.

आबासाहेबांनी चमचा खाली ठेविला आणि कपाळास आठ्या घातल्या.

"हे काय आहे? याला जनरल म्हणतात? त्या दुकानवाल्याच्या नखाची सर नाही याला. आलं किती घातलंय, सर्दी झालीय का कुणाला? आणि हे तुकडे कुणी कापले? एक एवढा, एक तेवढा. सारखे शिजणार कसे? फर्निचर पण असंच जोडतोस का लोकांचं? नळ ठिबकतोय तिकडे, महिना झाला, कुणाला ऐकू येत नाही? बघत काय बसलीयस, वाढ की अजून."

चिरंजीवांस सर्वांत अधिक बोलणी बसली आणि तेच सर्वांत मोठ्याने हसले, त्यावरूनही त्यांस बोलणी बसली. सूनबाईंनी वाढले. आईसाहेब मीठ आणते म्हणून उठल्या, आणि मीठ टेबलावरच होते, आणि शेगडीकडे तोंड करून बराच वेळ तेथेच उभ्या राहिल्या. आबासाहेबांनी तेथूनही त्यांस विचारिले की जेवण निवते आहे ते दिसत नाही काय.

तरी आत्यासाहेबांस विदित व्हावे की, शनिवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, जनरल चिकन याचा कुकरात पूर्ण पाडाव जाहला. तेल चमचाभर खर्ची पडले. एक जुने रबर धारातीर्थी पडले. शत्रूची कोंबडी निःशेष जाहली, सबब कैदी कोणी हाती राहिला नाही. आबासाहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले, तिसऱ्यांदा मागितले असता सूनबाईंनी डॉक्टरांचे फर्मान दाखवून नाही म्हटले, आणि यावर आबासाहेब रागावले. फत्ते जाहली.